प्रश्न वाचकांचे : वस्तीवस्तीतील हवा

गेल्या अंकात शहरांतील हवेविषयी लिहिताना, एकाच शहरातील श्रीमंत वस्ती आणि गरीब वस्ती सारखी हवा श्वासात घेत नाहीत, असे विधान आले होते. त्यावर उत्तर आणि दक्षिण अशा दोन्ही कोकणांतून पत्रे आली. काहींना ते विधान पटले नाही, काहींना त्यात आपल्याच वाडीची गोष्ट दिसली. त्यांपैकी सहा पत्रांना येथे उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची आणि कारखान्यांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी चिपळूणजवळच्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. वर्गातील काही मुले टेकडीवरच्या नव्या वसाहतींतून येतात आणि बाकीची महामार्गाच्या कडेच्या वस्तीतून. दिवाळी सरली की महामार्गाकडच्या मुलांचा खोकला सुरू होतो तो पाऊस पडेपर्यंत हटत नाही. हजेरीपुस्तकातही तो दिसतो. मोबाइलवरील ॲप मात्र आमच्या गावाची हवा ‘समाधानकारक’ असल्याचे सांगते. समुद्र इतका जवळ असताना कोकणात हवेचे प्रदूषण खरोखर असते का, की मी उगाच शंका घेते आहे?

उत्तर : शंका रास्त आहे. तिचे दोन भाग करू : ॲपमधील आकडा काय सांगतो हा एक, आणि मुले का खोकतात हा दुसरा.

हवेची अखंड मोजणी करणारी स्वयंचलित केंद्रे मुंबई, ठाणे, नवी मुंबई या पट्ट्यात बऱ्यापैकी आहेत. दक्षिणेकडे यावे तशी ती विरळ होत जातात. केंद्र सरकारने २०१९ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमातही कोकणातील मुंबई, ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर, बदलापूर आणि वसई-विरार ही उत्तरेकडील शहरे आहेत. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांतील एकही नाही. जवळ केंद्र नसले की बहुतेक ॲप उपग्रहाच्या नोंदी आणि संगणकीय प्रारूप यांच्या आधारे काही किलोमीटरच्या चौकोनासाठी एकच अंदाज दाखवतात. त्या चौकोनात तुमची टेकडीही येते आणि महामार्गही येतो, आणि दोन्ही मिळून जी सरासरी निघते ती प्रत्यक्षात कोणाच्याच दारात नसते. शिवाय ‘समाधानकारक’ या वर्गाची मर्यादा पाहा. आपल्या हवा गुणवत्ता निर्देशांकात ५१ ते १०० हा टप्पा समाधानकारक मानला जातो, आणि त्यात अडीच मायक्रोमीटर व त्याहून बारीक कणांचे, म्हणजे पीएम २.५ चे, २४ तासांचे प्रमाण दर घनमीटरला ३१ ते ६० मायक्रोग्रॅम असू शकते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये याच कालावधीसाठी १५ मायक्रोग्रॅम ही पातळी सुचवली आहे. म्हणजे त्या पातळीच्या चौपट हवाही आपल्याकडे समाधानकारक ठरते.

आता मुलांविषयी. वर्दळीच्या रस्त्यावरील धुरातील अतिसूक्ष्म कण आणि नायट्रोजन डायऑक्साइड यांचे प्रमाण रस्त्याच्या कडेला सर्वाधिक असते आणि साधारण दीडशे ते तीनशे मीटरच्या अंतरात झपाट्याने उतरते. टेकडीवरचे घर आणि महामार्गाला पाठ लावून असलेले घर यांच्यात एवढेच अंतर असले, तरी हवेत खूप फरक पडतो. मुंबई–गोवा महामार्गाच्या पनवेल–इंदापूर टप्प्याचे रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झाले आणि पुढच्या टप्प्यांसह ते काम वर्षानुवर्षे रेंगाळले. त्या काळात उकरलेली माती, खडीचे ढीग, क्रशरची पूड आणि डंपरच्या मागे उठणारी लाल धूळ रस्त्याकडेच्या घरांतच शिरली. धूळ तुलनेने जाड असते आणि नाका-घशाला त्रास देते, तर डिझेलच्या धुरातील बारीक कण फुप्फुसाच्या तळापर्यंत जातात. वजनाच्या मानाने लहान मुले मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतात, आणि त्यांचे नाक वाहनांच्या धुराच्या नळकांड्याच्या उंचीजवळ असते.

समुद्राचा फायदा होतो, पण तो चोवीस तास नसतो. दिवसा खारे वारे हवा हलती ठेवतात. रात्री मतलई वारे सुटतात आणि ते मंद असतात. हिवाळ्यात पहाटे वाशिष्ठीच्या खोऱ्यासारख्या सखल भागात थंड हवा तळाशी बसते, तिच्यावर उबदार हवेचा थर येतो आणि धूर वर जाऊ शकत नाही. मुले शाळेला निघतात तीच ही वेळ. पावसाळ्यात हवा धुतली जाते, म्हणून तुमच्या हजेरीपुस्तकातील ऋतुमान या सगळ्याशी जुळते.

तरीही खोकल्याचे कारण हवाच आहे, असे हजेरीपुस्तकावरून सिद्ध होत नाही. दाटीवाटीचे घर, चुलीचा धूर, भिंतींची ओल, घरातील कोणाचा क्षयरोग हीही कारणे असू शकतात, आणि ती गरीब घरांतच एकत्र येतात. ज्या मुलांना रात्री खोकला येतो किंवा धावल्यावर छातीत घरघर होते, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा आणि घर रस्त्यापासून किती लांब आहे ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. हे सांगणे का महत्त्वाचे, ते लंडनच्या एला अडू-किसी-डेब्रा या मुलीच्या प्रकरणातून कळते. वर्दळीच्या रस्त्याजवळ राहणारी ही नऊ वर्षांची मुलगी २०१३ मध्ये दम्याच्या विकाराने गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला आणि डिसेंबर २०२० मध्ये तिच्या मृत्यूच्या कारणांत वायुप्रदूषणाची अधिकृत नोंद झाली. ब्रिटनमधील ती अशी पहिली नोंद होती. धूर त्या रस्त्यावर आधीही होताच. कोणी त्याचा आजाराशी संबंध जोडून कागदावर आणला नव्हता.

वर्गात एक साधा प्रयोग करता येईल. पांढऱ्या पोस्टकार्डांवर व्हॅसलीनचा पातळ थर द्यावा आणि प्रत्येक मुलाने ते आपल्या घराच्या पडवीत, पाऊस नसताना, दिवसभर टांगावे. दुसऱ्या दिवशी कार्डे शेजारी शेजारी ठेवून भिंगातून पाहावीत. यात फक्त जाड धूळ पकडली जाते, घातक बारीक कण दिसत नाहीत, हे मुलांना स्पष्ट सांगावे. शाळेला स्वस्तातले मोजयंत्र कोणी देणगी म्हणून दिले तर एकाऐवजी दोन मागावीत. कोकणच्या दमट हवेत अशी यंत्रे आकडा फुगवून दाखवतात. पण दोन्ही यंत्रे आधी काही दिवस शेजारी ठेवून ताडून घेतली आणि मग एक टेकडीवर व एक महामार्गाकडे ठेवले, तर दोहोंतील फरक बराचसा विश्वासार्ह असतो. ग्रामपंचायतीपुढे ठेवायला तोच उपयोगी पडेल.

प्रश्न : मी पनवेल येथे राहणारा सेवानिवृत्त कर्मचारी आहे. आपल्या लेखाचा सूर मला एकांगी वाटला. कारखाने आधी आले आणि लोक नंतर स्वस्त जागा म्हणून तेथे राहायला गेले, तर दोष कोणाचा? शिवाय वारा काही उत्पन्नाचा दाखला पाहून वाहत नाही. आमच्या सोसायटीतही तळोज्याकडचा वास येतोच.

उत्तर : तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी सहमत आहे. धुरातील सल्फर डायऑक्साइड आणि नायट्रोजनच्या ऑक्साइडांपासून हवेतच नवे सूक्ष्म कण तयार होतात आणि ते शेकडो किलोमीटर जातात; त्यांच्यापासून कोणतीच सोसायटी सुटत नाही. पण मूळ आक्षेपाचा विचार सविस्तर करायला हवा, कारण ‘ते स्वतःहून तेथे गेले’ हे वाक्य अशा प्रत्येक चर्चेत येते आणि चर्चा तेथेच संपवली जाते.

वाऱ्यापासून सुरुवात करू. इंग्लंडमध्ये वारा प्रामुख्याने पश्चिमेकडून वाहतो. तेथील सत्तर शहरांतील एकोणिसाव्या शतकातील सुमारे पाच हजार धुरांड्यांच्या जागा जुन्या नकाशांवरून शोधून हेब्लिच, ट्रू आणि झिल्बरबर्ग या तीन अर्थशास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मोहल्ल्यांवर धूर जात असे ते गरीब होत गेले, आणि धुरांडी बंद होऊन दशके लोटल्यावरही ते गरीबच राहिले, असे त्यात दिसले. वारा उत्पन्नाचा दाखला पाहत नाही हे खरे, पण वाऱ्याची दिशा ज्याला परवडते तो पाहतो आणि तेथून निघून जातो. जागा स्वस्त असते याचे एक कारण तो धूरच असतो.

मुंबईत समुद्राचा वारा पश्चिमेकडून येतो आणि आधी मलबार हिलला लागतो. गिरण्यांची धुरांडी आणि कामगारांच्या चाळी आतल्या बाजूला होत्या. धुराचा प्रश्न तेव्हाही इतका उघड होता की १९१२ मध्ये मुंबईत धुराच्या उपद्रवाविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पुढे तेलशुद्धीकरण कारखाने आले ते १९५० च्या दशकात, पूर्व किनाऱ्यावर माहुलला. तेथे आधी कोण होते? माहुल हा जुना कोळीवाडा आहे. खाडीत मासेमारी करून जगणारी ती वस्ती कारखान्यांच्या कितीतरी आधीची आहे, म्हणून ‘कारखाने आधी, लोक नंतर’ हे निदान तिला लागू पडत नाही.

देवनारची कचराभूमी १९२७ पासूनची आहे, तेव्हा शेजारच्या शिवाजीनगरबाबत तुमचे म्हणणे कालक्रमाने बरोबर ठरते. पण त्या वस्तीचा मोठा भाग १९७० च्या दशकात शहराच्या इतर भागांतून उठवलेल्या लोकांना तेथे नेऊन वसवल्यामुळे उभा राहिला. जागा त्यांनी निवडली नव्हती, प्रशासनाने नेमून दिली होती. २००९ च्या मुंबई मानव विकास अहवालात देवनार आणि शिवाजीनगर ज्यात येतात त्या एम-पूर्व या महापालिका विभागाचा क्रमांक शहरात शेवटचा होता, आणि जानेवारी २०१६ मध्ये कचराभूमीला आग लागली तेव्हा तिचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला.

सर्वांत स्पष्ट उदाहरण पुन्हा माहुलचेच. प्रकल्पबाधितांसाठी तेथे सतरा हजारांहून अधिक सदनिका बांधण्यात आल्या. तानसा जलवाहिनीच्या कडेच्या झोपड्या हटवल्यावर तेथील हजारो कुटुंबांना घराच्या बदल्यात घर म्हणून या इमारतींत पाठवण्यात आले. समोर तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या होत्या. डिसेंबर २०१५ मध्येच राष्ट्रीय हरित लवादाने या परिसरातील हवेमुळे रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे म्हटले होते. कुटुंबे त्यानंतरही पाठवली गेली. रहिवासी न्यायालयात गेले, आणि २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, त्यांना तेथे राहण्याची सक्ती करता येणार नाही, अन्यत्र घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्यावी, असा आदेश दिला. तेथे कोणीही स्वस्त म्हणून गेले नव्हते.

कायद्यानेही बराच काळ हा भेद मान्य केला होता, हे फारसे कोणाच्या लक्षात नसते. १९९४ च्या राष्ट्रीय मानकांत हवेतील एकूण तरंगत्या कणांची वार्षिक मर्यादा निवासी भागासाठी १४० मायक्रोग्रॅम होती आणि औद्योगिक भागासाठी ३६०. औद्योगिक भागात माणसे राहत नाहीत, असे गृहीत धरल्याखेरीज हे दोन आकडे शेजारी लिहिता येत नाहीत. २००९ च्या मानकांनी हा फरक काढून टाकला आणि पीएम २.५ साठी ४० मायक्रोग्रॅम ही वार्षिक मर्यादा औद्योगिक, निवासी आणि ग्रामीण अशा सर्व भागांना सारखी लावली. कागदावर आज तळोज्याच्या कामगार वस्तीचा आणि तुमच्या सोसायटीचा हक्क एकच आहे.

तुमच्या सोसायटीतही वास येतो, हे मी नाकारत नाही. पण वास आल्यावर तुम्ही खिडकी बंद करता, कदाचित वातानुकूलन लावता. पत्र्याच्या घराला फटी असतात आणि एप्रिलमध्ये दार लावले तर आत थांबवत नाही. विश्रांती घेणारा प्रौढ माणूस मिनिटाला सहा ते आठ लिटर हवा आत घेतो. गोणी उचलणारा किंवा रस्त्यावर खडी पसरणारा मजूर चाळीस लिटर किंवा त्याहून अधिक घेतो. हवेतील प्रमाण अगदी सारखे धरले तरी त्याच्या फुप्फुसात काही पट जास्त विष जाते, आणि हा फरक कोणत्याही मोजणी केंद्राच्या आकड्यात उमटत नाही. तुम्ही आणि तो एकाच तक्रारीवर सह्या कराल तर ती तक्रार अधिक वजनदार होईल, म्हणून तुमच्या पत्राचे मी मनापासून स्वागत करतो.

प्रश्न : आमचे गाव वेंगुर्ले तालुक्यात आहे. येथे कारखाना नाही, रहदारी नाही. तरी माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी सीओपीडी हा फुप्फुसाचा आजार सांगितला. त्यांनी आयुष्यात विडीला हात लावलेला नाही. घरात गॅस आहे, पण आंघोळीचे पाणी आणि भात चुलीवरच होतो. चुलीच्या धुराने एवढे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते. धूम्रपान न करणाऱ्या ग्रामीण स्त्रियांमध्ये या आजाराचे हे एक प्रमुख कारण म्हणून वैद्यकशास्त्राने मान्य केले आहे. बंद स्वयंपाकघरात चूल पेटलेली असताना सूक्ष्म कणांचे प्रमाण घनमीटरला कित्येकशे मायक्रोग्रॅमपर्यंत सहज जाते, कधी हजाराच्याही वर. चाळीस-पन्नास वर्षे रोज दोन वेळा फुंकणी घेऊन चुलीपाशी वाकलेल्या बाईने जो धूर घेतला, तो शहरातील चौकात उभ्या राहणाऱ्या माणसापेक्षाही जास्त असू शकतो. हवेतील विषमता गावातही असते. ती घरात शिरून पुरुष आणि स्त्री यांच्यातही भेद करते.

२०१६ मध्ये सुरू झालेल्या उज्ज्वला योजनेने शेगडी घरोघरी नेली, पण सिलिंडर पुन्हा भरून घेण्याचे पैसे दर वेळी लागतात, आणि झावळ्या, सोडणे, करवंट्या परसात फुकट पडलेल्या असतात. त्यामुळे चूल मागासलेपणामुळे टिकते असे म्हणणे अन्यायाचे आहे. तुमच्या घरी मात्र तातडीने काही बदल करा. सासूबाईंना चुलीपाशी बसू देऊ नका, आणि हे काम दुसऱ्या बाईच्या वाट्याला जाणार असेल तर भात गॅसवर आणा. पाण्याची चूल न्हाणीघराबाहेर, मोकळ्या जागी हलवा. पावसाळ्यासाठी सुके सरपण आधीच आत घेऊन ठेवा, कारण ओले लाकूड फार धुरते. काजूची टरफले चुलीत घालू नका. त्यांतील तेलाचा धूर डोळ्यांना आणि श्वासनलिकेला अतिशय झोंबतो. सासूबाईंची स्पायरोमेट्री, म्हणजे फुंकर मारून करायची फुप्फुसांची तपासणी, झाली नसेल तर जिल्हा रुग्णालयात करून घ्या. तुमचीही करा.

प्रश्न : रत्नागिरीत नवीन फ्लॅट घेतला आहे. एअर प्युरिफायर घ्यावा का?

उत्तर : घरात दमा किंवा हृदयविकाराचा रुग्ण असेल आणि खिडक्या रहदारीच्या रस्त्यावर उघडत असतील, तर एका खोलीत हेपा गाळणी असलेले यंत्र उपयोगी पडते. ते कण अडवते, वायू नाही. एरवी समुद्राकडची खिडकी दुपारी उघडी ठेवणे पुरेसे आहे, आणि त्या पैशांहून अधिक फायदा सोसायटीतील पालापाचोळा व प्लॅस्टिक जाळणे थांबवल्याने होईल. त्याचा धूर यंत्र नसलेल्या वॉचमनच्या खोलीतही जातो.

प्रश्न : आमची वाडी रायगड जिल्ह्यातील एका रासायनिक औद्योगिक वसाहतीच्या खालच्या अंगाला आहे. रात्री अकरानंतर उग्र वास सुटतो, डोळे चुरचुरतात, लहान मुले ओकतात. तक्रार केली की अधिकारी दुसऱ्या दिवशी दुपारी येतात, तेव्हा वास नसतो. हवेचा निर्देशांक पाहावा तर तो चांगला असतो. आम्ही खोटे ठरतो. काय करावे?

उत्तर : तुम्ही खोटे नाही. निर्देशांक तुमच्या त्रासासाठी बनवलेलाच नाही. आपला हवा गुणवत्ता निर्देशांक आठ घटकांवरून काढला जातो : दोन आकारांचे कण, नायट्रोजन डायऑक्साइड, सल्फर डायऑक्साइड, कार्बन मोनॉक्साइड, ओझोन, अमोनिया आणि शिसे. कुजलेल्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड त्यात नाही, सडक्या कोबीसारखा वास येणारी मर्कॅप्टन नाहीत, कारखान्यांत वापरले जाणारे उडणारे द्रावकही नाहीत. बेंझीनचे मानक राष्ट्रीय मानकांत आहे, पण निर्देशांकात त्याला जागा नाही. रासायनिक वसाहतीशेजारी राहणाऱ्या माणसाला हा आकडा दाखवून गप्प करणे चुकीचे आहे, आणि ज्या अधिकाऱ्याला हे माहीत असते त्याने तर तसे मुळीच करू नये.

रात्रीच वास का येतो, याचे एक कारण हवामानात आहे. सूर्य मावळल्यावर जमीन थंड होते, हवा वर चढत नाही, आणि सह्याद्रीच्या उतारावरून खाली सरकणारा मंद वारा वसाहतीतील वायू जमिनीलगत तुमच्या वाडीकडे आणतो. दिवसा तेवढेच वायू बाहेर पडले तरी खाऱ्या वाऱ्याने पांगतात. कोणी रात्री जाणूनबुजून वायू सोडते का, हे मोजल्याशिवाय ठरवता येणार नाही. पण मोजणी रात्रीच झाली पाहिजे, ही मागणी दोन्ही शक्यतांत योग्य आहे.

तुमची खरी ताकद नोंदवहीत आहे. वाडीतील पाच-सहा घरांनी स्वतंत्रपणे, एकमेकांना न विचारता, वास सुरू झाल्याची आणि थांबल्याची वेळ, वासाचा प्रकार, वाऱ्याची दिशा आणि झालेला त्रास लिहावा. दिशेसाठी काठीला बांधलेली कापडाची चिंधी पुरते. मुलांना दवाखान्यात नेल्यास केसपेपरची तारीख त्याच पानावर टिपावी. त्याच रात्री महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयाला ईमेल करावा, म्हणजे वेळेची नोंद आपोआप राहते. काही आठवड्यांनी वहीत वेळा आणि दिशा यांचा आकृतिबंध दिसू लागेल. ती वही जोडून रात्रीच्या तपासणीची आणि फिरत्या मोजणी वाहनाची लेखी मागणी करा, आणि आधीच्या तपासण्यांचे अहवाल माहितीच्या अधिकारात मागवा. अशा प्रत्येक रासायनिक कारखान्याला १९८१ च्या वायू कायद्याखाली संमतिपत्र घ्यावे लागते आणि त्यात कोणत्या धुराड्यातून काय व किती सोडायचे याच्या अटी असतात. ती संमतिपत्रे मंडळाच्या संकेतस्थळावर पाहता येतात. वाडीतील महाविद्यालयात जाणाऱ्या मुलांना हे काम द्या.

तेवढ्याने भागले नाही तर हरित लवादाचे पश्चिम विभागाचे खंडपीठ पुण्यात आहे. तेथे वादासाठी साधारणपणे सहा महिन्यांची मुदत असते, म्हणून वर्षानुवर्षे अर्ज करत बसू नका. ताजी घटना घडली की तिची तारीख धरून सल्ला घ्या. वाडीतील कोणी त्याच वसाहतीत कामाला असेल तर त्याची सही पहिल्या पानावर नको. नोकरी आणि हवा यांतील एक निवडायची वेळ त्याच्यावर आणणे योग्य होणार नाही.

प्रश्न : गोवंडीतील रुग्णालयांचा कचरा जाळणारे केंद्र आमच्या खालापूर तालुक्यात हलवायचे ठरले आहे. गावात विरोध आहे. माझी मुलगी विचारते, ‘बाबा, गोवंडीच्या लोकांनी तो धूर तसाच सोसावा का?’ मला उत्तर देता आले नाही.

उत्तर : तिचा प्रश्न या सगळ्या पत्रांतील सर्वांत कठीण आहे. गोवंडीच्या रहिवाशांनी त्या धुराविरुद्ध अनेक वर्षे झगडून न्यायालय गाठले आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्र दोन वर्षांत हलवण्यास सांगितले. त्यांचे मागणे योग्यच होते. पण दाट वस्तीतून काढलेली गोष्ट ज्या गावाचा आवाज लहान आहे तेथे नेऊन ठेवणे, एवढाच त्याचा अर्थ होणार असेल, तर ज्यांच्या रुग्णालयांतून हा कचरा येतो त्यांच्या दारात तो कधीच दिसणार नाही. त्यात मुंबईतील मोठी खासगी रुग्णालयेही आहेत. तेव्हा तुमचा विरोध गोवंडीच्या विरोधात जाण्याचे कारण नाही. ‘येथे नको’ एवढ्यावर न थांबता ‘कोठेही असे नको, आणि असेल तर असे असावे’ असे म्हणता येते.

२०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनी कसे असावे ते सांगितले आहे. पिवळ्या पिशवीतील कचरा जाळायचा; लाल पिशवीतील प्लॅस्टिक जाळायचे नाही, वाफेने निर्जंतुक करून पुनर्वापराला द्यायचे. भट्टीच्या दुसऱ्या कक्षाचे तापमान १०५० अंश सेल्सिअसच्या आसपास हवे आणि धूर तेथे किमान दोन सेकंद राहायला हवा. धुरांडे किमान ३० मीटर उंच हवे. डायऑक्सिन आणि फ्युरॅन यांची मर्यादा दर घनमीटरला ०.१ नॅनोग्रॅम इतकी कडक आहे, कारण हे पदार्थ अत्यल्प प्रमाणातही घातक असतात आणि अन्नसाखळीत साठत जातात. क्लोरीनयुक्त प्लॅस्टिक भट्टीत गेले किंवा तापमान उतरले की तेच तयार होतात. म्हणून रुग्णालयात पिशव्यांची वर्गवारी नीट झाली की नाही, यावर खालापूरच्या हवेचे भवितव्य बरेचसे अवलंबून राहील.

सुनावणीत किंवा ग्रामसभेत तीन गोष्टी लेखी मागाव्यात असे मी सुचवीन. भट्टीचे तापमान आणि धुरांड्यातील मोजमाप गावाच्या वेशीवर मराठीत, चालू वेळेचे आकडे दाखवणाऱ्या फलकावर लावावे. डायऑक्सिनची तपासणी त्रयस्थ प्रयोगशाळेकडून व्हावी आणि तिचा अहवाल ग्रामपंचायतीला परस्पर मिळावा. आणि केंद्र सुरू होण्याआधी परिसरातील गावांची हवा, विहिरींचे पाणी, दूध आणि मुलांच्या फुप्फुसांची स्थिती यांची एकदा पूर्ण नोंद व्हावी. गोवंडीत ती आधी झालेली नव्हती, म्हणून तेथील लोकांना आपला आजार कचऱ्याच्या धुराचाच आहे हे सांगताना वर्षे गेली. तुमच्या गावाला ही नोंद आज करून घेता येते. खर्च केंद्र चालवणाऱ्याने द्यावा आणि मूळ कागद ग्रामपंचायतीच्या कपाटात राहावेत, असा ठराव आधी करून घ्या. मुलगी अठरा वर्षांची झाली असेल तर तिलाही त्या ग्रामसभेला न्या. तिचा प्रश्न तेथे विचारला गेला पाहिजे.